हळदीत चुना

दिवसभर मी पणजीत विजेची बिलं दुरुस्त करते.
कुणाचं मीटर वेडं, कुणाच्या नावात चूक,
एका म्हाताऱ्याला तर चार महिने
मेलेल्या भावाचं बिल येत होतं.
संध्याकाळी फेरीबोटीच्या कठड्याला टेकून
मांडवी ओलांडते, आणि दिवाडीच्या धक्क्यावर
जी उतरते ती दुसरीच कुणी असते.

वाड्यावरच्या बायका मला चेटकीण म्हणतात.
तोंडावर नाही. पोदेराच्या भोंग्याची वाट पाहताना,
पिशव्या हातात घेऊन, हळू.
एकटी राहते, मांजर काळं,
तिन्हीसांजेला कुणाशी तरी बोलते,
दारावर तिरफळांचे घोस टांगलेत.
(ते बांगड्याच्या हुमणासाठी आहेत.
बोलते ती मांजराशीच.)
मी नाकारत नाही.
सरकारी नोकरीत इतक्या वर्षांत बढती नाही,
हे पद तरी फुकटात मिळालंय.

आणि अगदीच खोटं कसं म्हणू?
शनिवारी रात्री वाटलेल्या पिठात मी माडाची सूर ओतते,
भांड्यावर ओलं फडकं घालते,
त्याच्या आसपास कुणाचं वाईट बोलत नाही.
मध्यरात्री स्वयंपाकघरात
माझ्याशिवाय कुणीतरी श्वास घेत असतं.
सकाळी फडकं फुगलेलं,
आणि सान्नांच्या वाफेत चष्मा आंधळा.

बरणीतलं मीठ पाझरलं की मी छत्री घेते.
कढीपत्त्याला विचारल्याशिवाय तोडत नाही,
विचारलं की तो काही बोलत नाही, मग तोडते.
घरमालकीण एर्मेलिंद हिने दिलेला
विनागराचा बुळबुळीत गोळा बाटलीत तरंगतो.
आवय म्हणते ती त्याला.
"तिला उपाशी ठेवू नको गो,"
भाडं मोजून घेताना दर महिन्याला बजावते,
आणि मी जिवंत माणसाची चौकशी व्हावी
तशी तिची खुशाली सांगते.

गेल्या रविवारी कुंपणातून रुद्रेश आत आला.
सहा वर्षांचा, गुडघ्यावर खपली.
"तू खरीच चेटकीण?"
मी त्याचा तळहात धरला, ओला केला,
चिमूटभर हळद चोळली.
वर एर्मेलिंदच्या पानाच्या डब्यातला चुना, नखाएवढा.
पिवळ्याचं लाल झालं.
त्याचा श्वास अडकला. "रक्त?"
"कुंकू."
"परत पिवळं कर."
मी लिंबू पिळलं.
खपलीवर थेंब पडला, तो ओरडला, तरी हात मागे घेतला नाही.
मग तसाच, हात पुढे धरून,
जणू त्यावर पक्षी बसलाय,
घरी पळाला.

रात्री वीज गेली.
कधी येईल ते मला माहीत नसतं,
हे वाड्यावर कुणालाच पटत नाही.
दारात टॉर्च. सुलक्षा, रुद्रेशची आई,
पोदेराच्या रांगेतला सगळ्यात हळू आवाज.
मी पदर खोचला, भांडणाला तयार झाले.
ती उभीच.
मांजर तिच्या पायांतून जाऊन आलं,
तिने टॉर्च विझवला
आणि तळहात पुढे केला.
"मलाही दाखवा."

मासे कापून कापून चिरा पडलेला हात,
अंगठ्यापाशी भाजल्याचा जुना डाग.
समईच्या उजेडात पिवळा, मग लाल,
मग लिंबू, मग पुन्हा चुना.
ती हसली नाही. मीही काही समजावलं नाही.
पाचव्यांदा म्हणाली, "आणखी एकदा,"
आणि घरातली हळद संपली.

सोमवारी खिडकीपलीकडच्या माणसाने
बिलापेक्षा माझी नखं जास्त वेळ पाहिली.
"बाई, घरी कुणाचं लग्न आहे वाटतं?"
मी शिक्का मारला.
"हो," म्हटलं, "आहे."