छाट

निपाणीत फेब्रुवारीत फळ्यावरही तंबाखूची धूळ बसते.
खडू उचलला की आधी एक शिंक,
मग समीकरण.

अप आणि प्रति-डाऊन, दोघं मिळून सात.
त्यांची जोडी, पायॉन, एकशेचाळीस.

मागच्या बाकावरून ज्योत्स्ना चिगरे:
"बाकीचं वजन कुणाचं ओ सर?"

तिची आई जत्राट वेशीजवळ विड्या वळते.
पान इतकं, तंबाखू इतका, दोरा नावापुरता.
संध्याकाळी हजाराचा हिशेब जुळला नाही
तर मुकादम मूठभर छाट बाजूला काढतो
आणि पैसे कापतो.
न जुळणारी बेरीज
या पोरीला मी काय शिकवणार?

म्हटलं, इथं बेरीज वर्गात होते.
अख्खा वर्ग हसला.
हा वर्ग नव्हे रे,
पायॉनच्या वस्तुमानाला त्यानंच गुणायचं,
जे येईल ते त्या सातच्या प्रमाणात.
सात अर्धे करा, गुणाकार अर्धा.
सात पुसून टाका, पायॉन बिनवजनाचा.

"आणि हे प्रमाण कुठनं आलं?"

पोकळीतून.
हंगाम संपल्यावर वखार झाडून रिकामी करतात,
तरी आत पाऊल टाकलं की माणूस शिंकतोच,
तशी पोकळी.
डाव्या-उजव्यांच्या जोड्या तिच्यात दाटून बसलेल्या.
दोन्ही बाजू सारख्याच होत्या खरं तर,
कधीतरी तिनं एक धरली.
(पाटी एका लिपीत, उधारीची वही दुसऱ्या,
या गावाला एवढं उदाहरण पुरतं.)

मग डाऊन काढून स्ट्रेंज बसवला.
हलक्यांच्या सत्तावीसपट जड,
पण नवी जोडी, केऑन, जेमतेम साडेतीनपट.
ज्योत्स्नानं बोटांवर केलं:
सत्तावीस आणि एक, भागिले दोन, चौदा.
साडेतीनला साडेतीननं गुणून, बारा आणि वर थोडं.
"दीडेक कमी येतंय की ओ."

येतंय खरं.
नियम पहिल्या हाताचा आहे,
पुढच्या दुरुस्त्या पुढच्या वर्षी, एम.एस्सी.ला.
तिनं समासात लिहिलं: छाट दीड.

घंटा झाली.
फाटकासमोरच्या टपरीवर सुटी विडी मिळते.
सुटा क्वार्क अजून कुणाच्या हाती लागलेला नाही,
म्हणजे ते सातसुद्धा
कुणी काट्यावर टाकून बघितलेले नाहीत,
जोड्यांवरूनच मागे मागे जात काढलेत.
हे सांगायचं राहिलं.

फळा पुसला.
पुन्हा शिंक.