मीटरवाली

बुसानमध्ये पत्ता चढणीवर असतो.
खालून विचारलंत तर वर बोट दाखवतात,
वरून विचारलंत तर समुद्राकडे.
मी विचारत नाही. एकवीस वर्षं
लोखंडी आकडा खांद्याला अडकवून
दारादारासमोरचं झाकण उचलते,
वाकते, काच पुसते, वाचते.
आकड्यानं आकडा काढायचा, एवढंच माझं काम.

छोऱ्यांगच्या एकशे अडुसष्ट पायऱ्या
मी गुडघ्यांनी मोजल्यात.
तिथं झाकणाखाली जुनी स्वेटरं कोंबतात,
पाणी गोठू नये म्हणून.
एकीनं नवऱ्याचा लष्करी कोट कोंबलाय, बटणांसकट.
"फार थंडी वाजायची त्याला," म्हणाली.

चागाल्छीच्या बाजारात सगळंच वाहतं.
फ्यो माल-जा मासे धुते, फळी धुते, गमबूट धुते,
मला शिवी देते आणि तीही धुऊन घेते.
"मी पाणी पीत नाही बाई, हे पितात," म्हणते,
"बिल त्यांच्या नावानं फाड."
टोपलीत ईल वळवळतात, कुणीच कबूल होत नाही.

पूल ओलांडला की योंगदो.
जहाजं दुरुस्त होतात त्या गल्लीत
थाक दक-सूनशी मी हातांनी बोलते.
तीस वर्षं जहाजांच्या पोटाला फळीवर लटकून
तिनं हातोडीनं गंज झोडला,
कांग कांग, कांग कांग.
आता गल्ली थंड आहे,
फक्त तिच्या कानांत एक जहाज अजून गोदीत उभं.
नळ चालू राहिला तर तिला कळत नाही.
आकडा लिहायच्या आधी
मी आत जाऊन तो बंद करते.

हेउंदेत मला काम नाही.
तिथं ऐंशी मजले, आणि आकडे
हवेतून परस्पर कार्यालयात पोचतात.
एका वादळात लाट रस्ता ओलांडून
काचेच्या दारांपर्यंत गेली होती.
समुद्र स्वतःच मीटर वाचायला आला असावा.
पुढच्या वर्षी डोंगरावरही तसलीच मीटरं बसणार.
पत्र आलंय: आकडा कार्यालयात जमा करावा.
कुठला, ते लिहिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते आमी-दोंगचं.
तो डोंगर आधी जपान्यांचं कब्रस्तान होता.
लढाईतून पळालेल्यांनी तिथंच तंबू ठोकले,
थडग्यांचे दगड उचलले,
पाया भरला, पायरी केली.
करतात काय? रात्र पडत होती.
माझी आई असल्याच एका पायरीला धरून
उभं राहायला शिकली.

घर नंबर चौदा. म्हातारी जाऊन तीन वर्षं झाली.
दाराला कुलूप, छपरावर निळी टाकी आडवी पडलेली.
तरी दर खेपेला मीटर एक युनिट पुढं.
कुठंतरी पाणी मुरतंय, मी साहेबांना म्हटलं.
"गळती असेल. लाईन तोडा."

तोडायला गेले, भल्या पहाटे.
शेजारचा बोंग म्हातारा
अंगणातल्या नळाला रबरी नळी लावून
चौदा नंबरची पायरी धूत होता.
दगडावर अक्षरं, अर्धी झिजलेली,
उरलेली परकी.
"कुणाचं नाव?"
"मला कुठं वाचता येतंय!"
दातघासणीनं एक रेघ कोरत म्हणाला,
"ती धुवायची. म्हणायची, रोज पाय देतो आपण,
निदान तोंड तरी धुऊन द्यावं."
मग पायरीवर वाटीभर भात ठेवला,
वाफ जाईपर्यंत उभा राहिला
आणि तिथंच उकिडवं बसून स्वतः जेवला.

पाना पिशवीतच राहिला.
वहीत लिहिलं: वापर चालू.
पुढं एक रकाना असतो,
घरात माणसं किती.
एक लिहिलं. खोडलं.
दोन लिहिलं.
म्हातारा वाटी विसळत होता, माझ्याकडं न बघता.
तेही खोडलं, तीन केलं.