मुरीश कमान

दादांनी एकोणीसशे बहात्तर साली
बडोद्यात एक टॉकीज काढलं.
काढलं म्हणजे कागदावर.
पैसा मालकांचा, सही मोठ्या साहेबांची,
पेन्सिल दादांची.

मालकांना दर्शनी भाग मुरीश हवा होता.
कुठल्याशा पुस्तकातून फाडलेलं पान त्यांनी पाठवलं:
कॉर्डोबा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं रान,
कमानी घोड्याच्या नालेसारख्या.
धाकू मिस्त्रींनी शब्द ऐकला, तंबाखू चोळली,
‘मुरीश म्हणजे मुरलेलं ना साहेब? लोणच्यागत?
मग घाई नको.’
पण उद्घाटन दसऱ्याला ठरलेलं.
ओल्या गिलाव्यावरच रंग चढला.

दोन हजार नऊमध्ये ते पाडलं. एका दुपारीत.
दादा बघायला गेले नाहीत.
दूध आणायला म्हणून बाहेर पडले
आणि दूध न आणता परत आले.

गेल्या रविवारी म्हणाले, ‘गाडी काढ. चांपानेर.’
चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस,
पन्नास किलोमीटरवरचं गाव,
आणि आजवर एकदाही नाही?
‘कामातून वेळ कुठे होता,’ म्हणाले,
‘आणि पुस्तकात ते पान नव्हतं.’

हालोलचा रस्ता. टोलनाका. कारखान्यांच्या भिंती.
मध्येच एखादा केसुडा, पान नसलेला, पेटलेला.
दादा मांडीवर टेप घेऊन बसलेले,
स्टीलची, पंधरा फुटी, शाळेच्या मुलासारखे.
पावागड आधी ढगासारखा दिसला, मग डोंगरासारखा.

जामा मशिदीत मी खांब मोजू लागले.
एकशे बहात्तर म्हणतात,
माझे दोनदा वेगळे भरले.
दादा मात्र मिहराबासमोर उभे.
दगडात वेल, दगडात साखळी,
साखळीला लोंबणारा दगडाचाच दिवा.
राखणदार उस्मानगनी हळूच म्हणाला,
‘देवळं घडवणारेच हात हे, काका.
काम बदललं, हात तेच.’

‘नालेची कमान कुठाय?’ दादांनी विचारलं.
‘इथं नाही तसली. इथल्या सगळ्या टोकदार.’
दादा हसले. मी बघितलं, खरंच हसले.
बावन्न वर्षं ज्या कमानीचा हिशोब डोक्यात होता
तिला इथं कुणी ओळखतसुद्धा नव्हतं.

मग त्यांनी टेप उघडली. मी दुसरं टोक धरलं.
एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, पुन्हा पुढच्यापर्यंत.
तिसऱ्या ओळीत ते थांबले,
चष्मा कपाळावर ढकलला,
आकडा दोनदा वाचला.
‘दोन बोटं कमी.’
पाचशे वर्षांपूर्वी कुणाचा तरी दोर सैल पडला होता,
किंवा त्या दिवशी कुणाच्या घरी आजारपण होतं,
आणि ती चूक
वरचा घुमट डोक्यावर घेऊन
अजून उभी होती.

‘धाकू मिस्त्रीला सांगायला हवं,’ म्हणाले.
धाकू मिस्त्री जाऊन वीस वर्षं झाली.
मी टेप गुंडाळली.

बायकांसाठीच्या जाळीमागे ऊन भोकाभोकातून उतरत होतं.
तिथे एक शेळी निवांत बसलेली,
अंगभर ठिपके घेऊन.

परतताना जरोदला सेव-उसळ.
दादांनी तिखट तर्री वरून मागून घेतली, डॉक्टरांना न विचारता.
फॉर्मायकाच्या टेबलावर सांडलेल्या पाण्यात
बोट बुडवून त्यांनी एक कमान काढली:
खाली नालेसारखी आत वळणारी,
वर मात्र टोक.
ना इथली, ना तिथली.
‘ही चाललीच नसती मालकांना,’ म्हणाले,
आणि मान तिरकी करून
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

पोऱ्या फडकं घेऊन आला.
दादांनी हात आडवा धरला.
‘थांब रे जरा. मुरू दे.’