सत्तर घरं

सिव्हिलच्या अकरा नंबर खोलीत
माझ्याकडे एक यादी आहे, एक संगणक,
आणि मराठी मेसेजला सत्तर घरं.
इंग्रजीला म्हणे एकशेसाठ.
आपल्यात कान्याला वेगळं घर, वेलांटीला वेगळं,
अक्षराचा पाय मोडला तर त्या मोडक्या पायालाही एक.

यादीत एकविसावी यमुना भोये, वय बेचाळीस,
मूळ पेठ तालुका, सध्या मोहाडी, द्राक्षाच्या विरळणीवर.
ऑक्टोबरच्या शिबिरात तपासलं होतं,
व्हिनेगर लावून, मिनिटभर थांबून.
शेऱ्यात लिहिलंय: असामान्य.

असामान्य.
बेचाळीस वर्षांत तिला हे कुणी म्हटलं नसेल,
शाळेत नाही, सासरी भाकरीला नाही,
आणि पहिल्यांदा म्हटलं ते
तिनंही कधी न पाहिलेल्या जागेला.
मी तो शब्द खोडला. आठ घरं वाचली.

वरून आलेला नमुना होता:
‘आपण पुढील तपासणीस अनुपस्थित राहिलात.’
दोनदा पाठवला. आली नाही.
मलाही असा निरोप आला असता तर मी गेले नसते;
बाईंनी वर्गात उभं केल्यासारखं वाटतं.

मग स्वतःच बसले.
कर्करोग, सात घरं.
पण फोन कुणाच्या हातात असेल कोण जाणे,
नवऱ्याच्या, मुकादमाच्या, गेम खेळणाऱ्या पोराच्या.
काढला.
तिचं नावही त्याच कारणानं काढलं.
भीतीला चार घरं लागतात. ‘या’ला दोनच.
आई विरळणीला जायची तेव्हा म्हणायची,
काढलेले मणी बघायचे नाहीत, हात थांबतो.

गुरुवारी सकाळी या. खोली अकरा.
सोबत कुणालातरी आणा.
घाबरू नका, मी आहे.

अडुसष्ट.
साहेब म्हणाले, मी म्हणजे कोण? नमुन्यात ‘मी’ बसत नाही.
म्हटलं, बसतो सर. दोन घरांत.

गुरुवारी थंडी अशी की खिडकीची काच पुसावी लागली.
दहाच्या सुमारास चौघी आल्या, दिंडोरीकडच्या एसटीनं,
बोटं काळवंडलेली, नखांत हिरवं,
आणि रुमालात गुंडाळलेला एक फोन.
चौघींत मिळून तो एकच.
‘ताई, हा निरोप कोनाचा? नाव टाकेल नाही.’
दोन रात्री शेडात तिघींना वाटत राहिलं, आपलाच.
एकीच्या अंगावरून वर्षभर जातंय, कुणाला सांगितलेलं नाही.
एकीची बहीण गेली, कशानं ते घरात बोलत नाहीत.
एकीनं शिबिराच्या दिवशी मुद्दाम कामावर खाडा केला नव्हता.
चौथी भिंतीला टेकून,
वाचता न येणाऱ्या त्या ओळींकडे बघत.
मी यादी उघडली नाही.
‘माझाच हाये,’ ती म्हणाली.
‘ह्यांना म्हटलं सोबतीला चला,
तं ह्या म्हनत्या, आमी आमच्यासाठी येतो.’
आणि हसली, तोंडाला पदर लावून.
मग बाकीच्याही. वॉर्डबॉय बघायला आला काय झालं म्हणून.

आत पडदा ओढला.
टेबलावर चढता चढता यमुनाबाईंनी विचारलं,
‘मी आहे असं लिहेल हाये, ती कोन?’
मी त्यांच्या चपला पायानं भिंतीकडे सरकवल्या.
म्हटलं, मीच.

तुकडा तपासणीला गेलाय. दहा दिवस तरी लागतील.
बाकी तिघींची कार्डं केली,
नंबर एकच, चार वेळा लिहिला.
संध्याकाळ. शिपाई कुलूप घेऊन उभा.
अहवाल काय येतो त्यावर पुढचे शब्द ठरतील,
पण सुरुवात टाकून ठेवली आहे:

या

अडुसष्ट घरं रिकामी.