बेचाळीस अंश

रात्री अकरा चाळीसला पडद्यावर आकडा: बेचाळीस.
कालही बेचाळीस. परवाही.
रेघ सरळ, टेबलाच्या कडेसारखी.
त्या रेघेवर विश्वास ठेवून मी चहाला गेले,
हे आधीच सांगून टाकते.

कुपवाडच्या एमआयडीसीत हळदीचा कारखाना.
पॉलिशचे चार ड्रम, चार मोटारी,
भिंतीवर ओळीनं चार ड्राइव्ह
आणि प्रत्येकाच्या पाठीला ॲल्युमिनियमचा हीट सिंक.
इथं त्याला सगळे कंगवा म्हणतात.
बरोबरच आहे. उष्णता त्याच्या दातांतून विंचरली जाते
आणि मागचा पंखा ते गुंतवळ उचलून
बाहेर बाभळीकडे फेकतो.
निदान फेकायला हवं.

पण हळद कुणाला सोडते?
रजिस्टरच्या पानांना, डब्याच्या कडीला,
माझ्या ओढणीला.
बसमध्ये बायका विचारतात, "कुणाची हळद होती गं?"
कंगव्याच्या फटींत ती मुकाट बसत जाते, थरावर थर,
वारा अडतो,
आणि बाहेरून काहीच कळत नाही.

जिनाप्पा मगदूम तीन नंबरच्या ड्रमवर.
रिटायर व्हायचे होते, ते वर्ष कधीच होऊन गेलं.
दारातनंच म्हणाले,
"मुजावरबाई, तीनचा वास बघा की जरा."
मी फोन पुढं केला. बेचाळीस.
"आकड्याला नाक असतंय व्हय?"

पॅनेल उघडलं.
पंख्याच्या कण्यावर हळदीचा लेप, पाती जागच्या जागी.
आणि सेन्सर,
जो मी स्वतः दिवाळीआधी कंगव्याच्या मुळाशी चिकटवला होता,
तो गोंद सुटून वायरीला लोंबत होता
खालच्या जाळीतनं येणाऱ्या वाऱ्यात,
आणि त्या वाऱ्याचं तापमान सांगत होता,
दशांशासकट, अगदी खरं.
खोटं काही बोलला नाही बिचारा.
फक्त ज्याच्याबद्दल विचारलं होतं
त्याच्यापासून दोन बोटं लांब उभा होता.

बंदूक रोखली: चौऱ्याण्णव.
(उघड्या ॲल्युमिनियमवर ही बंदूक कमीच सांगते.
हळदीनं माखलं होतं म्हणून खरं बोलली.)
मेन स्विच खाली.

थंड व्हायची वाट बघत बसलो.
मग मी ब्रशनं दात झाडू लागले,
पिवळा धूर, शिंका,
आणि जिनाप्पा पायरीवरनं हरिपूरच्या पेवांचं सांगू लागले.
जमिनीच्या पोटात हळद, वर्षवर्ष.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा दोरीनं.
जळत राह्यला तर माणूस उतरायचा.
विझला तर थांबायचं.
"एकदा थोरल्या भावानं कंदील सोडला.
दोरी मधीच कपारीला अडकली.
अंधारात कुणाला कळणार?
कंदील वरच्यावर जळतोय, ढणाढणा.
म्हटले, हवा चांगली हाय."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
ब्रश थोडा वेळ हातातच राहिला.

सेन्सर आता स्क्रूनं कसलाय, पांढरी पेस्ट लावून.
पंखा नवा.
आणि दोन वाजता एक नियम लिहिला:
आकडा ऐंशीच्या वर गेला तर घंटा;
ड्रम चालू असताना
आकडा तासभर हललाच नाही,
तरीही घंटा.
गेले तीन दिवस ड्रम भरत होता, रिकामा होत होता,
आणि रेघ सरळ होती.
ते मला दिसत होतं. छान वाटत होतं.

पहाटे तीनला माल पडला.
एकावन्न. अठ्ठावन्न. एकसष्ट.
पंचावन्न.
रेघ वाकडीतिकडी, पोरानं भिंतीवर ओढल्यासारखी.
जिनाप्पांनी पॅनेलपाशी नाक नेलं,
काही बोलले नाहीत.
मग विचारलं, "चहाला चलताय?"
म्हटलं, इथंच आणा.