चाराचे दोन

रुवैस. पहाटेचे तीन वीस.
कंट्रोल रूममध्ये एसी असा, की भर जूनमध्ये
मी हातविणीचा स्वेटर घालून बसतो,
आणि बाहेर अंधारातही चौतीस अंश,
काचेला बाहेरून घाम.
पडद्यावर एकशे अठ्ठेचाळीस बार. हलत नाही.
हलू नये म्हणूनच मला पगार.

मैथा नवी आहे, ट्रेनी. वहीत सगळं लिहून घेते
उजवीकडून डावीकडे, आकडे तेवढे आपल्या दिशेनं.
तिनं विचारलं, एवढा दाब कशासाठी?
दाबून उष्णता जास्त निघते का?

नाही, म्हटलं. एन्थाल्पी दाबाला फारशी भीक घालत नाही.
एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन जुळले
की जी ऊब सोडायची ती सोडतात,
मोकळ्यावर काय नि या पोलादाच्या पोटात काय,
जवळजवळ तेवढीच.

जवळजवळ?
तिचं पेन थांबलं. चांगला ट्रेनी असा ओळखावा.

जवळजवळ, कारण दीडशे बारला रेणू इतके खेटून असतात
की एकमेकांची ओढ थोडी लागतेच.
त्या ओढीचे दोनेक किलोज्यूल वर.
दाबानं खरी बदलते ती एन्ट्रॉपी.
पसारा म्हण. हिंडायची मुभा म्हण.

पुढे मला पुस्तकातलं काही आठवेना.
खोली आठवली.

कॅम्प, ब्लॉक सी, खोली एकवीस.
सुरुवातीला अकरा दिवस मी एकटा.
दोरीच्या या टोकाला लुंगी, त्या टोकाला टॉवेल,
रेडिओ कुठेही, मी कुठेही.
मग लोट्याचा तौफीक वांगडे आला.
एकाचे दोन झालो तेव्हा जेवढं गेलं
तेवढंच गेलं दोनाचे चार झालो तेव्हा,
आणि चाराचे आठ झालो तेव्हाही तेवढंच.
दर दुपटीला तीच कात्री, तेवढाच काप.
याला लॉगॅरिदम म्हणतात हे मैथा कॉलेजात शिकली,
मी दोरीवरच्या जागेवरून.

पण चाराचे दोन होताना मुभा घटणारच, ती म्हणाली,
मग रेणूंनी तयार का व्हावं?

होतच नाहीत. या तापमानाला, साध्या हवेच्या दाबात,
हजारात दोन जेमतेम.
मोकळ्याला जोडी म्हणजे मोठा तोटा.
पण दाबानं प्रत्येकाची मुभा आधीच छाटून ठेवलेली,
जुळण्याआधीच्या चौघांकडून चार वाटे,
जुळल्यानंतरच्या दोघांकडून दोनच.
म्हणून जुळताना जायचं राहतं ते कमी.
ज्याच्याकडे फारसं उरलेलंच नाही
तो हात पुढे करताना बोटं मोजत नाही.

गावी असतो तर वांगडे आणि मी एका ताटात जेवलो असतो?
खरं सांगायचं तर, नाही.
इथे एक स्टोव्ह, एक कुकर, दोघांत एक किल्ली.
शेरी मासा तो साफ करायचा,
काटे मला काढता येत नाहीत हे त्यालाच ठाऊक.
हे मी मैथाला सांगितलं नाही.

आणि दाब सुटला तर? ती.

तापल्या लोखंडापाशी राहिला तर अमोनिया परत सुटा होईल.
थंड करून वेळेत बाजूला काढला
तर राहतो. उणे तेहतीसच्या टाकीत, जहाज लागेपर्यंत,
जहाजातही, आणि पुढेही.

मार्चमध्ये वांगडे कायमचा गेला.
शुक्रवारी फोन येतो. वर चार खोल्या काढल्यात, म्हणतो,
चारी रिकाम्या, आणि झोप लागते ती जिन्याखाली.
एकवीसची किल्ली चुकून त्याच्या बॅगेत गेली.
कुणाबरोबर धाडू का, दर वेळी विचारतो.
दर वेळी मी म्हणतो, असू दे.

एकशे अठ्ठेचाळीस.
मैथा पान उलटते.
हे सगळं परीक्षेला येईल का?
दोरीपर्यंतचं येईल, म्हटलं.