चार आकडे

रिक्षा मी बोलवत नाही.
अश्लेषा बोलवते, च्यांग माईहून.
इथं साडेसात, तिथं नऊ वाजलेले.
ती कामाला निघालेली, तिथल्या कुणा अनोळखी माणसाच्या
गाडीत मागं बसलेली,
आणि तिच्या मांडीवरच्या काचेत
दुधाळीतला माझा ठिपका.

आधी फोन येतो.
"काका, लोकेशनला आलोय. तुम्ही दिसंना."
कुठं आलायस?
"रंकाळ्याच्या कडंला. अजून साठ मीटर पुढं जा म्हणतंय.
पुढं पाणी हाय."

मग मी सांगतो:
मागं फीर. पिठाची गिरण. गिरणीला चिकटून बोळ.
बोळात तिसरा खांब.
त्याच्या डाव्या हाताला, मीटर बाहेर असलेलं पहिलं घर.
पोरगं जरा वेळ गप्प.
"मीटर म्हंजे, काका?"

एकतीस वर्षं या गावाचे वीजमीटर वाचले मी.
जिन्याखालचे, खुराड्यामागचे,
देव्हाऱ्याच्या वरचे, उदबत्तीनं काळे पडलेले.
गंगावेशीत एका घरी तर न्हाणीत होता.
आत कुणी असलं की दारावर टकटक करायची,
"वैनी, आकडा सांगा,"
की आतनं पाण्यात भिजलेला आकडा यायचा
आणि मी तो लिहून घ्यायचो.
खोटा कुणी सांगितला नाही.
एकीनं सांगितला एकदा. ते जाऊ दे.

आता नजरेचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या शाबूत.
तोंड बघायला जावं तर तोंड पुसलं जातं,
कान दिसतात.
माणसं मी आता कानांवरनं ओळखतो.
स्कूटर गेली दिवाळीच्या आधी,
उद्यमनगरात, ज्यानं तिची कामं केली त्यालाच दिली.

आत बसलो की पोरगं म्हणतं, "ओटीपी."
तौफिक शिकलगार. नाव अश्लेषानं वाचून सांगितलेलं.
मी फोन तिरपा धरतो, डोळ्याच्या कोपऱ्यात.
हा सात, का एक?
शेवटी फोनच त्याच्या हातात देतो. तूच वाच बाबा.
तो वाचतो, सावकाश, मोठ्यानं:
सात. शून्य. दोन. सात.
आणि माझा हात वरच्या खिशाकडं जातो,
पेन शोधायला.

परवा दवाखान्याची वेळ होती साडेआठची.
ताराबाई पार्कात, डोळ्यात सुई.
दसरा चौकात मी म्हटलं,
उद्यमनगराकडनं घेतोस?
"फोन सरळ जा म्हणतोय."
फोनला काय कळतंय.
त्यानं आरशात बघितलं असणार. आणि घेतली.

गॅरेजचं शटर नुकतंच वर गेलेलं.
सिकंदरनं काही विचारलं नाही,
स्टँडवरनं काढली नि किक मारली.
चौथ्या किकला लागली.
माझ्याकडं दुसऱ्याला लागायची.
मी रिक्षातच बसून होतो, एक पाय बाहेर.

तेवढ्यात फोन.
"पप्पा, रस्ता का बदललाय? कोण आहे बरोबर?
त्याला फोन द्या."
पाइपलाइनला रस्ता खोदलाय, म्हटलं.
तिच्या मागं कुणीतरी तिथल्या भाषेत दोन शब्द बोललं,
दार उघडल्याचा आवाज आला.
ती उतरली असावी.
"आणि तो आवाज कसला?"
कसला आवाज?
तौफिकनं न सांगता रिक्षा सुरू केली
आणि तिच्या फटफटीत
तो आवाज बुडवून टाकला.

रात्री ती विचारते, "स्टार किती देऊ?"
पट्टीखाली डोळा ठणकत असतो.
पाच दे.
आणि ते आपलं घर,
तेवढं तळ्यातनं काठावर आण.